संग्रहालयाला बाग कशासाठी?



आजचा प्रश्न ऐकायला साधा आहे. संग्रहालयाला बाग कशासाठी लागते? पाहायच्या वस्तू आत असतात. कपाटं आत, माहितीचे फलक आत, पहारेकरीही आत. मग बाहेर झाडं, बाकं, हिरवळ आणि धावणारी पोरं कशासाठी? कोणी म्हणेल, शोभेसाठी. कोणी म्हणेल, आत फिरून पाय दुखले की टेकायला. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. आमचं म्हणणं असं आहे की बाग हा संग्रहालयाचा अर्धा भाग आहे, आणि तो अर्धा भाग राखणं दुसऱ्या अर्ध्यापेक्षा अवघड आहे. ते कसं, हे आज आपण पाहू. उदाहरण म्हणून भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्यातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घेऊ. आपल्यापैकी बहुतेकांनी ती जागा पाहिली असेल, निदान लहानपणी.

सुरुवात शब्दांपासून करू. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांची ती जुनी खोड आहे. ‘संग्रह’ या शब्दात ‘ग्रह्’ हा धातू आहे. ग्रह् म्हणजे धरणे, पकडणे. संग्रहालय म्हणजे जिथे वस्तू धरून ठेवल्या आहेत असं घर. ‘उद्यान’ या शब्दात ‘या’ हा धातू आहे, म्हणजे जाणे. त्याला ‘उद्’ लागला की अर्थ होतो बाहेर पडणे, फिरायला निघणे. बाहेर पडण्याच्या क्रियेचं नाव पुढे, बाहेर पडून जिथे जायचं त्या जागेला मिळालं. म्हणजे बघा, एक शब्द धरण्याचा आणि दुसरा बाहेर पडण्याचा.

संग्रहालयात वस्तू जेव्हा येते, तेव्हा ती तिच्या कामातून सुटते. कपाटातल्या तांब्यात कोणी पाणी भरत नाही. तिथल्या तलवारीने कोणी लढत नाही. हवा, ऊन, बुरशी, माणसाचा हात या सगळ्यांपासून तिला जपायचं, म्हणजे तिच्यापुरता काळ थांबवायचा. हे आवश्यकच आहे, नाहीतर ती वस्तू आपल्या नातवंडांपर्यंत पोचणार नाही. बागेत मात्र काळ थांबवता येत नाही. झाडाखाली नावाची पाटी लावली तरी पाटी तशीच राहते आणि फूल गळून पडतं. पुढच्या महिन्यात गेलात तर झाड वेगळं दिसतं. एकाच आवारात थांबवलेला काळ आणि चालता काळ असे दोन्ही माणसाला दिसावेत, ही या जोडीमागची पहिली गोष्ट.

ही जोडी किती जुनी आहे याचा एक सुंदर पुरावा आहे. अॅरिस्टॉटलचा शिष्य आणि वारस थिओफ्रास्टस. वनस्पतींवर त्याने मोठे ग्रंथ लिहिले, म्हणून त्याला वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात. तो इ. स. पू. २८७च्या सुमारास वारला. त्याचं मृत्युपत्र डायोजिनीस लाएर्शिअस या चरित्रकाराने जपून ठेवलं आहे. थिओफ्रास्टस लेस्बोस बेटावरचा, अथेन्समध्ये परका. परक्याला तिथे सहसा जमीन घेता येत नसे. एका वजनदार मित्राच्या मध्यस्थीने त्याला बाग मिळाली. त्या मृत्युपत्रात तो आधी सांगतो, ‘म्युझियम’चं अर्धवट राहिलेलं काम आणि तिथल्या देवींच्या मूर्ती पुऱ्या करा. म्युझियम म्हणजे विद्या-कलांच्या देवतांचं, म्यूझांचं स्थान. आपण आज वापरतो तो शब्द तिथूनच आलेला. मग तो बागेकडे वळतो. बाग, तिच्यातली फिरण्याची वाट आणि लगतची घरं तो मित्रांच्या हवाली करतो. अटी दोन. कोणी ती विकायची नाही. कोणी ती खासगी वापरासाठी घ्यायची नाही. देवळासारखी सर्वांनी मिळून सांभाळायची.

याच मृत्युपत्रात आणखी एक कलम आहे. त्याच्याकडच्या दोन गुलामांनी बागेत चार वर्षं नीट काम केलं की त्यांना मुक्त करावं. ज्या बागेत तत्त्वज्ञ फिरत फिरत बोलायचे, ती कुणाच्या तरी घामावर उभी होती, हे त्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. मोकळी जागा आपोआप मोकळी राहत नाही. कोणीतरी ती झाडतं, पाणी घालतं, पहाटे फाटक उघडतं. हे ध्यानात ठेवू; पुढे लागणार आहे.

आता भायखळ्याला येऊ. मुंबईत सरकारी वस्तुसंग्रह आधी फोर्टात होता. १८५७च्या धामधुमीत ती जागा सैन्यासाठी रिकामी करण्यात आली आणि पुष्कळ वस्तूंची नासधूस झाली. पुढच्याच वर्षी, १८५८मध्ये, टाऊन हॉलमध्ये नागरिकांची सभा भरली आणि नवं संग्रहालय व त्यासोबत बाग उभारायचं ठरलं. त्यामागे जॉर्ज बर्डवुड होते, जगन्नाथ शंकरशेट होते आणि डॉ. भाऊ दाजी होते. लोकांकडून वर्गणी जमली. १८६२मध्ये बाग उघडली आणि संग्रहालयाची पायाभरणी झाली. पुढे शेअर बाजाराचा फुगा फुटला, पैसा आटला, इमारत रखडली. ती लोकांसाठी उघडली १८७२मध्ये. म्हणजे दहा वर्षं नुसती बागच होती. आधी बाग आली आणि मग कपाटं आली, हा क्रम आम्हाला अर्थपूर्ण वाटतो.

पण इथे भाबडेपणा नको. हे सगळं निव्वळ लोकांच्या आनंदासाठी झालं का? नाही. त्या काळच्या सरकारला या मुलखात काय पिकतं, कोणत्या झाडापासून तेल निघतं, कोणत्या सालीपासून रंग निघतो, याची यादी हवी होती. बर्डवुड यांनी १८६२मध्ये मुंबई इलाख्यातल्या अशा उपयुक्त उत्पन्नांची सूचीच प्रसिद्ध केली. संग्रहालयात कच्च्या मालाचे नमुने, बागेत त्याची जिवंत झाडं. व्यापाराच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख होती. बाग ही जणू साम्राज्याच्या वहीचं एक हिरवं पान होती.

आणि तरीही त्याच आवारात दुसरी एक दृष्टी वावरत होती. भाऊ दाजींचंच बघा. जन्माने गोव्याकडच्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग केले. तेच भाऊ दाजी शिलालेख वाचत होते, कालिदासाच्या काळावर लिहीत होते. त्यांच्या लेखी झाड आणि शिलालेख ही दोन दालनं नव्हती. दोन्ही वाचायच्या गोष्टी होत्या. १९७५मध्ये संग्रहालयाला त्यांचं नाव दिलं गेलं, ते यासाठीही योग्य झालं असं आम्ही म्हणू.

साम्राज्याच्या वहीतलं हे पान लोकांचं कसं झालं? १८७३मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. त्याच सुमारास भोवतालची मुंबई बदलत होती. पहिली कापडगिरणी १८५६मध्ये ताडदेवला सुरू झाली होती. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा पट्टा गिरण्यांनी आणि चाळींनी भरून गेला. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं. पाळी संपली की भोंगा, आणि भोंग्यानंतर पुन्हा तीच खोली. अशा माणसाला सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन जाता येईल अशी, चालत गाठता येणारी, सावलीची जागा म्हणजे राणीची बाग. कच्च्या मालाची यादी बघायला तिथे कोणी गेलं नाही. माणसं गेली ती डबा घेऊन. झाडाखाली चादर अंथरली, पोळी-भाजी खाल्ली, पोरं धावली, आजी आडवी झाली. आणि जाता जाता संग्रहालयात शिरून मातीचे छोटे पुतळे, जुन्या मुंबईचे देखावे, बिदरी काम असं काय काय पाहून आली.

आता हे जे झाडाखाली बसणं आहे, याला काही मोल आहे का? की तो नुसता वेळेचा अपव्यय? इथे आम्हाला कांटची मदत घ्यावी लागते. घाबरू नका, थोडक्यात सांगू. १७९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या समीक्षेत कांट म्हणतो की एखादी गोष्ट सुंदर वाटते तेव्हा तिचा आपल्याला काय उपयोग, हा विचार बाजूला पडलेला असतो. ती ताब्यात यावी असंही वाटत नाही. गुलाब बघताना त्याचा गुलकंद किती होईल हा हिशेब सुरू झाला की सौंदर्याचा अनुभव संपला. या निरपेक्ष आनंदाला तो फार वरचं स्थान देतो. त्याच ग्रंथात तो बाग रचण्याच्या कलेला चित्रकलेच्या घरात बसवतो, हे फारसं सांगितलं जात नाही. झाडं, पाणी, वाटा हे बागकाराचे रंग, असा त्याचा एकंदर रोख.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ‘मला श्रीखंड आवडतं’ असं आपण म्हणतो तेव्हा ती आपली खासगी बाब असते. तुम्हाला नसेल आवडत, तर वाद नाही. पण ‘हे फूल सुंदर आहे’ असं म्हणतो तेव्हा, कांटच्या मते, आपण दुसऱ्याचीही संमती मागत असतो. सुंदर गोष्ट दिसली की माणूस शेजारच्याला कोपर मारून सांगतो, ‘अहो, ते बघा!’ शेजारचा अनोळखी असला तरी सांगतो. राणीच्या बागेत उर्वशी फुलते. हे ब्रह्मदेशातलं झाड; त्याचे लाल-पिवळे फुलोरे झुंबरासारखे खाली लोंबतात. तिच्याखाली थोडा वेळ उभे राहा, म्हणजे कांट कळेल. तिथे मालक कोणी नाही, गिऱ्हाईक कोणी नाही. सगळे पाहणारे एका पातळीवर आलेले असतात. सार्वजनिक या शब्दाचा खरा अर्थ तिथे घडताना दिसतो.

तेव्हा आमचा मुद्दा असा. संग्रहालय आपल्याला जपलेलं जग दाखवतं; बाग त्याच नजरेने चालतं जग पाहायला शिकवते, आणि तेही इतरांच्या सोबतीने. दाराशी असलेला तो दगडी हत्ती बघा. हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे या बागेत आले आणि १९१४मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. तो संग्रहालयाची वस्तू की बागेची? त्याला काचेचं कपाट नाही. पाऊस त्याच्यावर पडतो, तसाच तो शेजारच्या झाडावर पडतो. धरून ठेवलेलं आणि मोकळं सोडलेलं यांच्या बरोबर सीमेवर तो उभा आहे.

इथवर सगळं गोड आहे. आता अवघड भागाकडे वळू.

बागेत प्राणी आले ते नंतर, १८९०च्या सुमारास जागा वाढली तेव्हा. पुढे लोकांच्या मनात राणीची बाग म्हणजे वाघ-सिंह-हत्ती असंच समीकरण झालं. आपण मघाशी शब्द पाहिले, ते इथे उपयोगी पडतात. झाड जागचं हलत नाही. त्याला कुंपण घातलं तरी त्याच्या स्वभावाविरुद्ध काही होत नाही. प्राण्याचा स्वभावच मुळी जाणं, हिंडणं, लपणं हा. त्याला धरून ठेवायचं म्हणजे कपाटाचा नियम जिवंत जिवाला लावायचा. ‘प्राणिसंग्रहालय’ या शब्दात ही अडचण उघड दिसते. २०१६मध्ये इथे दक्षिण कोरियातून हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांच्यासाठी थंड हवेचं, काचेचं दालन बांधावं लागलं. मुलांना त्यांचा आनंद होतो, तो खराच असतो, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. पण बागेच्या मध्यावर आपण पुन्हा एक कपाट उभं केलं, एवढं मात्र खरं. या कपाटातल्या वस्तूला श्वास आहे.

पेंग्विन आल्यानंतर, २०१७मध्ये, प्रवेशशुल्क वाढलं. मोठ्या माणसाचे ५ रुपयांचे ५० झाले. चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये, म्हणजे आई, वडील आणि दोन मुलं. यावर पुष्कळ वाद झाला. शुल्क नकोच, असं म्हणणं सोपं आहे. पण मघाचे ते बागेत राबणारे दोघे आठवा. माळी, सफाई कामगार, प्राण्यांची देखभाल करणारे यांचा पगार कुठून तरी यायलाच हवा. आपण फुकट फिरावं आणि त्याची किंमत राबणाऱ्याने मोजावी, हे न्याय्य नाही. म्हणून खर्चाचा प्रश्न टाळता येत नाही. शहराच्या तिजोरीतून तो किती भागवायचा आणि दाराशी किती घ्यायचा, हा प्रामाणिक वादाचा मुद्दा आहे.

आम्हाला खटकते ती दुसरी गोष्ट. कुटुंब म्हणजे चार माणसं, हे कोणी ठरवलं? राणीच्या बागेत येणाऱ्या कुटुंबात आजी असते, विधवा आत्या असते, गावाहून आलेला पुतण्या असतो, शेजारच्या खोलीतली दोन पोरं ‘आम्ही पण’ म्हणून मागे लागलेली असतात. तिकिटाच्या खिडकीवर या सगळ्यांचा हिशेब होतो तेव्हा पहिलं नाव कुणाचं गळतं? आजीचं. ‘तुम्ही जा रे, माझे गुडघे दुखतात’ असं ती स्वतःच म्हणते. शुल्काचा आकडा किती हे महत्त्वाचं आहेच. पण त्या आकड्यामुळे घरातलं कोण घरीच राहतं, हे त्याहून महत्त्वाचं आहे. सार्वजनिक जागेची परीक्षा तिथे होते.

तिसरी अडचण जागेचीच. २००७च्या सुमारास या बागेचा संपूर्ण कायापालट करण्याचा मोठा आराखडा पुढे आला. त्यात जुन्या झाडांवर गदा येईल असं दिसल्यावर काही नागरिक उठले. त्यांत झाडांच्या जाणकार स्त्रिया पुढे होत्या. त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या, सभा घेतल्या, वारसा समितीपुढे म्हणणं मांडलं. वाद वर्षानुवर्षं चालला आणि मूळ आराखडा तसाच्या तसा काही अंमलात आला नाही. गोरखचिंचेचं बुटकं जाडजूड खोड, कैलासपतीची खोडालाच लगडणारी फुलं हे सगळं आज आपल्याला दिसतं, त्यामागे या लोकांचा चिवटपणा आहे.

हा वाद मुळात कशावरून झाला? आमच्या मते दोन मराठी शब्दांच्या घोटाळ्यावरून. रिकामी जागा आणि मोकळी जागा. रिकामी जागा भरायची असते. रिकामं भांडं, रिकामी खुर्ची, रिकामा प्लॉट; तिथे काहीतरी यायचं बाकी आहे. मोकळी जागा पूर्ण असते. ती मोकळी ठेवायची असते. माणसाबद्दलसुद्धा आपण हाच भेद करतो. रिकामटेकडा म्हटलं की शिवी होते आणि मोकळ्या मनाचा म्हटलं की प्रशंसा होते. नकाशावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हीकडे इमारत नसते. मग नकाशा बघणाऱ्याला वाटतं, इथे काही नाही, इथे काहीतरी करू. उपाहारगृह करू, खेळणी आणू, रोषणाई करू. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर वाईट नसते. सगळ्या मिळून झाडाखालची ती चादर अंथरायची जागा संपवतात. विकत घेण्यासारखं काही नसलेली, कुणाची वाट न पाहता बसता येईल अशी जागा शहरात किती उरली आहे, हे ज्याच्या घरी बाल्कनी नाही त्याला विचारा.

इमारतीचं जतन आपल्याला समजतं. या संग्रहालयाची इमारत २००३नंतर काही वर्षं खपून महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून दुरुस्त केली. २००५मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. सोनेरी नक्षी पुन्हा झळकली की काम झालं हे डोळ्यांना दिसतं, फीत कापता येते. मोकळेपणाच्या जतनात फीत कापायला काही नसतं. तिथे काम म्हणजे काही न करणं, आणि ते दर वर्षी नव्याने न करणं. संग्रहालयाचा दुसरा अर्धा भाग राखणं अवघड, असं आम्ही सुरुवातीला म्हटलं, ते यासाठी.

मग आपण काय करायचं? कोणत्याही संग्रहालयाच्या बागेत गेलात, मुंबईत असो की आणखी कुठे, तर तीन साधे प्रश्न विचारा. काहीही विकत न घेता इथे दोन तास बसता येतं का? झाडाखाली मराठीत नाव लिहिलेली, वाचता येणारी पाटी आहे का, म्हणजे नातीने ‘हे कुठलं?’ विचारलं तर आजोबांना उत्तर देता येईल? आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला फाटकापासून जवळ, सावलीत, पाठ टेकता येईल असा बाक आहे का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी आली तर ती बाग आपलं काम करते आहे. एखादं नाही आलं तर व्यवस्थापनाला पत्र लिहा. पोस्टकार्डही चालेल, आमच्या वयाच्या माणसांना तेवढं जमतं.

थिओफ्रास्टसने मित्रांना दोनच अटी घातल्या होत्या, विकू नका आणि खासगी करू नका. आपल्या काळासाठी त्यांत तिसरी घालावीशी वाटते, ती म्हणजे भरू नका. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवायचा आहे, तेव्हा इथेच थांबू या.